परवाना हातात आल्यावर काय? ठाणे-नवी मुंबईत दारूविक्रीच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवर रेस्टॉरंट चालवणारे एक तरुण जोडपे मध्यंतरी माझ्याकडे आले होते. जेवणाचा धंदा बरा चालला आहे, आता परमिट रूम करायची म्हणत होते. तासभर बोलले आणि तो सगळा तास परवाना किती दिवसांत मिळेल, खर्च किती येईल, एजंट कोण चांगला यातच गेला. परवाना मिळाल्यानंतर रोज काय करावे लागते, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. नौपाड्यात नवऱ्याबरोबर परमिट रूम चालवायला घेतली तेव्हा मीसुद्धा विचारले नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: कायद्याचे नाव नीट वाचा

आपल्या राज्यात दारू ज्या कायद्याखाली विकली जाते त्याचे नावच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 असे आहे. मूळ नाव मुंबई दारूबंदी अधिनियम. या नावातच सगळे आले. कायद्याने दारू बनवणे, बाळगणे, नेणे, विकणे आणि पिणे यांवर बंदी घातली आणि मग परवान्यापुरती सूट दिली. किराणा दुकानात जे मना केलेले नाही ते चालते. आपल्या धंद्यात जे लिहून दिलेले नाही ते मना आहे, असे धरून चालायचे. राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदात मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न सरकारने करावा असे म्हटले आहे. दारूचा व्यापार हा कुणाचा मूलभूत हक्क होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात 1994 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ‘माझे दुकान, मी माझ्या मर्जीने चालवीन’ हे वाक्य इथे कुठल्याच टेबलावर टिकत नाही.

‘परमिट रूम’ हा शब्दही इथूनच आला. तुम्हाला विकण्याचा परवाना लागतो, तसा समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला पिण्याचा परवाना लागतो. ज्या खोलीत परमिट असलेल्या माणसाने बसून प्यायचे ती परमिट रूम. हे ज्याला समजले त्याला पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

दुसरी पायरी: आपला परवाना कोणता ते ठरवा

यात एफएल म्हणजे फॉरेन लिकर आणि सीएल म्हणजे कंट्री लिकर. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून पिण्यासाठी विदेशी मद्य देण्याचा परवाना एफएल-3. सीलबंद बाटल्या विकणाऱ्या वाइन शॉपचा एफएल-2. बीअर शॉपीचा एफएल/बीआर-2, बीअर बारचा नमुना ई, देशी दारूच्या किरकोळ दुकानाचा सीएल-3. क्लबचा एफएल-4 आणि एखाद्या समारंभापुरता एक दिवसाचा एफएल-4ए.

एफएल-2 आणि सीएल-3 चे नवे परवाने राज्याने 1970 च्या दशकापासून दिलेले नाहीत. कुणी ‘नवीन वाइन शॉप काढून देतो’ म्हणाला तर तिथेच थांबा. बाजारात होते ते जुन्या परवान्याचे हस्तांतर किंवा भागीदार घेणे. त्यालाही सरकारची मंजुरी आणि शुल्क लागते. स्टॅम्प पेपरवर आपसात करार करून दुसऱ्याच्या परवान्यावर दुकान चालवायला घेणे हा धोक्याचा प्रकार आहे. परवाना ज्याच्या नावावर आहे तोही अडकतो आणि चालवणाराही.

परवान्यांची सरमिसळ हीच सर्वांत नेहमीची चूक. परमिट रूममधून बाटली पार्सल देता येत नाही. वाइन शॉपच्या ओट्यावर किंवा मागच्या खोलीत गिऱ्हाइकाला ग्लास देता येत नाही. बीअर शॉपीत व्हिस्की ठेवता येत नाही. नुसते खाण्याचे हॉटेल असलेल्याने ‘गिऱ्हाइकाने स्वतःची बाटली आणली, आम्ही फक्त सोडा दिला’ असे म्हणून सुटका होत नाही. अशा जागेला कायद्यात सार्वजनिक मद्यपानगृह म्हणतात आणि ते चालवणे कलम 68 खाली गुन्हा आहे. हायवेलगतचे ढाबे याच कलमात सापडतात. येऊरच्या बंगल्यावर किंवा एखाद्या हॉलमध्ये दारू देऊन समारंभ करायचा असेल, तर एक दिवसाचा परवाना आधी हातात हवा. अर्ज केल्याची पावती म्हणजे परवाना नव्हे.

तिसरी पायरी: जागा आणि जिल्हा

नवी मुंबईत नवखा माणूस इथे हमखास चुकतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हींकडे नवी मुंबईचेच. म्हणजे खारघरच्या जागेसाठी जिल्हाधिकारी अलिबागचे आणि दारूचे परवाने बघणाऱ्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधीक्षक रायगडचे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची कामोठ्यातल्या जागेची फाइल एजंटाने ठाण्याला धरून तयार केली होती. भाडे भरत भरत त्यांचे पाच महिने गेले. एजंट नेमलात तरी फाइलमधला प्रत्येक कागद स्वतः वाचा. सही तुमची आहे, जबाबदारीही तुमचीच राहते.

शाळा, महाविद्यालय, धार्मिक स्थळ आणि एसटी स्थानक यांपासूनच्या 75 मीटर अंतराचा नियम आधी तपासा. मोजणी सरकारी माणसाची धरली जाते, तुमच्या मोबाइलवरच्या नकाशाची नाही. हायवेपासून 500 मीटरचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर 2016 चा. महापालिका हद्दीतल्या परवानाधारक जागांना तो लागू नसल्याचा खुलासा न्यायालयाने जुलै 2017 मध्ये केला. म्हणून ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांच्या हद्दीबाहेर जागा बघत असाल तर हा मुद्दा पुन्हा उभा राहतो.

सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा असेल तर आधी सोसायटीत जाऊन बोला. हाउसिंग सोसायटीच्या आवारात नवी बीअर शॉपी किंवा दारूचे दुकान यायचे असेल तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे सरकारने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केले. मला विचाराल तर हा नियम नसता तरी हेच करावे. ज्या बायकांना रोज संध्याकाळी मुलांना घेऊन तुमच्या दारावरून जायचे आहे, त्यांचे म्हणणे नंतर मोर्चात ऐकण्यापेक्षा आधी जिन्यात ऐकलेले बरे. खारघरमध्ये दारूमुक्तीची मागणी रहिवाशांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. शिवाय मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद आहेच. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ ही मतपत्रिका गावोगावच्या बायकांनी महाराष्ट्रभर गाजवली. तिथे निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने उभे राहिले की परवाना जातो.

आता नकाशा. परवान्याबरोबर जागेचा मंजूर नकाशा असतो. काउंटर कुठे, साठा कुठे, गिऱ्हाईक कुठे बसणार हे त्यात आखलेले असते. त्या रेषेबाहेर एकही ग्लास जाता कामा नये. गच्ची, पोटमाळा, पुढची मोकळी जागा, पावसाळ्यात घातलेली शेड, हे सगळे त्या रेषेबाहेरच धरा, जोपर्यंत नकाशात नाही तोपर्यंत. जून 2024 मध्ये ठाण्यात बेकायदा पब आणि बारवर कारवाई झाली, तेव्हा अनधिकृत वाढीव बांधकामांवर बुलडोझर फिरले. आगीची बाजू तर त्याहून गंभीर. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टो-पबला लागलेल्या आगीत 14 माणसे गेली. अग्निशमन दलाचा दाखला, दुसरा बाहेर जायचा रस्ता आणि त्या रस्त्यात बीअरचे क्रेट न रचणे या तीन गोष्टींत तडजोड करू नका.

अन्नसुरक्षेचा परवाना दारूलाही लागतो. कायद्याच्या दृष्टीने दारू हेही अन्नच आहे. नुसती सीलबंद बाटली विकणाऱ्यानेही तो काढायचा आहे. आर्केस्ट्रा ठेवायचा असेल तर पोलीस आयुक्तालयाचा परवाना वेगळा. हुक्का पार्लरवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्या नादी लागू नका.

चौथी पायरी: माणसे नेमताना

काउंटरवर बसून विक्री करणाऱ्या प्रत्येक माणसाचा नोकरनामा, म्हणजे त्याला विक्रीला ठेवल्याचा कागद, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. माणूस सोडून गेला की त्याचा नोकरनामा रद्द करायचा आणि नव्या माणसाचा करून घ्यायचा. उडुपीहून आलेला मॅनेजर सुट्टीवर गेला म्हणून त्याच्या जागी भाच्याला बसवले, असे चालत नाही.

कलम 54 प्रत्येक मालकाने वाचावे. परवान्यातल्या अटीचा भंग परवानाधारकाने केला, त्याच्या नोकराने केला किंवा त्याच्या संमतीने काम करणाऱ्या दुसऱ्या कुणी केला, तरी परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. ‘मी तेव्हा गावी होतो’ हे उत्तर नाही. म्हणून आमच्याकडे नवा वेटर आला की पहिले दोन दिवस त्याला फक्त नियम सांगते. हे शिकवणे मी मॅनेजरवर सोडत नाही. मुलगा गोंधळला की थेट मला विचारतो, “वहिनी, याला देऊ का?” त्याने विचारले याचाच मला आधार वाटतो.

दारूच्या कामाला कोवळी पोरे ठेवू नका, अगदी ग्लास धुवायलाही नको. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 78 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाचा दारू विकण्यासाठी किंवा पोचवण्यासाठी वापर केला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही स्थापन करा. आपल्या धंद्यात बायका उशिरापर्यंत काम करतात, त्यांना ही समिती कागदावर नको, खरी हवी.

पाचवी पायरी: वय आणि परमिट

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

महाराष्ट्रात सौम्य बीअर आणि वाइनसाठी 21 वर्षे, आणि व्हिस्की, रम, व्होडका, देशी अशा बाकी दारूसाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. बरेच गिऱ्हाईक आणि, खेदाने सांगते, बरेच वेटरही सरसकट 21 समजून चालतात. आमच्याकडे एका मुलाचा बावीसावा वाढदिवस होता. सहा मित्र आले, केक आला, आणि त्याने व्हिस्की मागवली. मी जाऊन सांगितले, “बाळा, बीअर मिळेल, व्हिस्की तीन वर्षांनी.” टेबल उठून गेले आणि त्या संध्याकाळचे तीन-चार हजार गेले. तसे अजूनही जातात, आणि जाऊ द्यावेत.

ओळखपत्र पाहण्याची पद्धत ठरवून टाका. तिशीच्या आतला वाटला की विचारायचे. मोबाइलमधला फोटो चालणार नाही. मूळ कार्ड दाखवा, नाहीतर समोर डिजीलॉकर उघडून दाखवा. कॉलेजच्या ओळखपत्रावर भरवसा ठेवू नका, कारण तिथे जन्मतारीख असेलच असे नाही. टोळक्यात एक जण मोठा असला आणि तो सगळ्यांसाठी मागवत असला, तर ग्लास ज्याच्यापुढे जाणार त्याचे वय बघा.

अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली तर प्रश्न फक्त परवान्याचा राहत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याला त्या रात्री ज्या बारांत दारू मिळाली होती तिथल्या मालक-मॅनेजरांना अटक झाली आणि बारना टाळे लागले. त्या दोन पोरांचे आईवडील टीव्हीवर पाहिले तेव्हापासून आमच्या काउंटरवर मी वयाची पाटी मोठ्या अक्षरांत लावली आहे.

परमिटचेही तसेच. पिण्याचा परवाना आजीवन, वार्षिक किंवा एका दिवसाचा असतो. एका दिवसाचा विदेशी मद्यासाठी 5 रुपयांचा आणि देशीसाठी 2 रुपयांचा. परवानाधारक दुकानात त्याची पुस्तके ठेवलेली असतात. ती गिऱ्हाईक समोर असताना भरायची असतात. महिनाअखेरीस मनाने नावे टाकून पुस्तक संपवण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती लावून घेऊ नका. ते खोटे रेकॉर्ड आहे. एखादी घटना घडली आणि त्या रात्री कोण बसले होते असे पोलिसांनी विचारले, की तेच पुस्तक तुमच्याविरुद्ध उभे राहते.

ज्याला आधीच चढली आहे त्याला आणखी देऊ नका. गाडीची किल्ली टेबलावर दिसली तर रिक्षा बोलावून द्या. मोटार वाहन कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. जो ऐकत नाही त्याची गाडी आमचा वॉचमन काढू देत नाही, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो.

सहावी पायरी: माल आणि मिलिलिटरचा हिशेब

दुकानातल्या प्रत्येक बाटलीमागे तुमच्या परवान्याच्या नावाचे बिल आणि वाहतूक पास हवा. शेजारच्या बारमधून ‘आजच्यापुरत्या’ आणलेल्या चार बाटल्या, कुणी गोव्याहून आणलेली स्वस्त पेटी, यांतले काहीही कपाटात सापडले तर ते बेकायदा मद्यच. बाटलीवर उत्पादन शुल्काचे लेबल आहे का, बूच शाबूत आहे का, हे माल उतरवतानाच पाहा.

रिकाम्या महागड्या बाटल्या अख्ख्या भंगारात देऊ नका. त्यांत हलकी दारू भरून पुन्हा विकणाऱ्यांचा धंदा याच बाटल्यांवर चालतो. आम्ही बाटली फोडूनच देतो. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. परवानाधारक दुकानातून माणूस जास्त पैसे मोजून घेतो ते याच भरवशावर, की आत जे आहे ते लेबलवर लिहिलेलेच आहे. पाणी घालणे, एका बाटलीतले दुसरीत ओतणे, हे त्या माणसाला फसवणे आहे.

नोंदवही रोजच्या रोज. 750 चा खंबा फोडला की 30 मिलिलिटरचे 25 पेग. 180 च्या क्वार्टरचे सहा. किती सीलबंद, किती फुटलेल्या, फुटलेल्यांत किती मिलिलिटर शिल्लक, हे ब्रँडनिहाय लिहायचे. तपासणीला आलेले निरीक्षक पहिल्यांदा हीच ताळमेळ करतात, कपाटातली बाटली आणि वहीतला आकडा. पेगचे माप वैधमापन विभागाने पडताळून शिक्का मारलेले हवे. अंदाजाने ओतणारा बारमन कितीही हुशार असला तरी संध्याकाळी हिशेब चुकतोच.

दराबाबत दोन नियम वेगळे आहेत. वाइन शॉपने छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही, ‘थंड करण्याचे’ म्हणूनसुद्धा नाही. हॉटेलात बसून घेणाऱ्याकडून सेवेसह जास्त दर घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केले. दारू जीएसटीत नाही. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 वरून 10 टक्के झाला. म्हणून बिलात जेवण आणि दारू वेगवेगळी दाखवा.

जाहिरात करू नका. कलम 24 मद्याच्या जाहिरातीला मनाई करते. इन्स्टाग्रामवर ‘एकावर एक फ्री’ टाकणारी मुले-मुली सोशल मीडियाचे काम उत्साहाने करतात, त्यांना हे आधी समजावून सांगा.

सातवी पायरी: वेळ आणि कोरडा दिवस

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा आहे. दीड म्हणजे दीडला गिऱ्हाईक बाहेर. म्हणून शेवटची ऑर्डर आम्ही एकला घेतो. सगळी दुकाने 24 तास उघडी ठेवायला सरकारने मोकळीक दिली आहे असे कुणी सांगेल, पण दारू विकणाऱ्या आस्थापना त्यातून वगळल्या आहेत. 24, 25 आणि 31 डिसेंबरला वेळ वाढवून देतात, पण त्याचा आदेश दरवर्षी वेगळा निघतो. तो हातात आल्याशिवाय पाट्या छापू नका.

26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे कोरडे दिवस ठरलेले. बाकीचे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने येतात, विशेषतः गणपती विसर्जनाला. शांतता बिघडण्याची शक्यता असेल तर कलम 142 खाली ते कधीही दुकान बंद करायला सांगू शकतात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि मतमोजणीचा दिवस लक्षात ठेवा. विधानसभा, लोकसभा, महापालिका, प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे असते. शेजारच्या जिल्ह्यात मतदान आहे की आपल्या, हे आदेशात वाचा.

परवान्याचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. नूतनीकरणाचे पैसे जानेवारीपासून बाजूला काढत जा. मार्चअखेर पैसा नाही म्हणून 1 एप्रिलला दुकान उघडले, तर ती विनापरवाना विक्री ठरते.

आठवी पायरी: तपासणी झाली तर

साहेब दारात आले की घाबरून काउंटरवरचा मुलगा मागच्या दाराने पळतो, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. तसे होऊ देऊ नका. मूळ परवाना दर्शनी भागात लावलेला हवा. नोंदवही, बिले, वाहतूक पास, नोकरनामे आणि परमिटची पुस्तके एकाच कपाटात हवीत आणि त्या कपाटाची किल्ली कामावर असलेल्या माणसाकडे हवी. पंचनामा पूर्ण वाचा, मगच सही करा, आणि प्रत मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही कुणीही मागितली तरी देऊ नका. ‘मिटवून टाकू’ म्हणणारा मध्यस्थ भेटेल, त्याच्याशी व्यवहार करू नका. चूक झाली असेल तर ती नोंदवून दंड भरून मोकळे होता येते, लाच दिली की मात्र आयुष्यभर कुणाचा तरी हात तुमच्या मानेवर राहतो.

कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश विरोधात गेला तर आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क यांच्याकडे अपील करता येते, त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. त्यानंतर शासनाकडे पुनरीक्षण. सुनावणीला वकील पाठवलात तरी स्वतः हजर राहा, आणि ज्या तारखेबद्दल वाद आहे त्या तारखेचे नोंदवहीचे पान, त्या रात्रीचे परमिटचे पुस्तक आणि काउंटरवर असलेल्या माणसाचा नोकरनामा बरोबर घेऊन जा.